तंबू कोण उचलणार?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी तंबूंची स्प्रेडशीट उघडून बसले होते. चौघांचा ग्रुप, डिसेंबरातल्या दोन रात्री, बजेट बेताचं. रकाने नेहमीचेच: किंमत, वजन, किती माणसं मावतात, कापड किती पाणी सोसतं, खांब ॲल्युमिनियमचे की फायबरग्लासचे. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला असा तक्ता केल्याशिवाय साधी बादलीही घेववत नाही.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. बराच वेळ स्क्रीनकडे बघून त्यांनी विचारलं, "आगं, समदं लिवलंस. पन उचलायचं कुनी, ते कुठं हाय?"

बाबा मूळचे पाटण तालुक्यातले. तीस वर्षं त्यांनी माथाडी म्हणून पोती वाहिली, आधी मुंबईत, मग वाशीच्या मार्केटात. आता आम्ही रोडपालीत राहतो आणि बाबा निवृत्त आहेत. वजन हा विषय त्यांच्यासमोर हसण्यावारी नेता येत नाही. किराण्याची पिशवी हातात घेऊन ते सांगतात की साडेचार किलो आहे, आणि ती साडेचार किलोच भरते.

मी म्हटलं, "आम्हीच उचलणार ना, बाबा."

"मागल्या येळी कुनी उचलला व्हता?"

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते द्यायची लाज वाटली. ते पुढे सांगते. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि पुढचे काही आठवडे तंबूंचे रिव्ह्यू वाचायचे सोडून तंबूंचा इतिहास वाचत बसले. त्याची सुरुवात अगदी घराजवळ झाली.

माणशी पाच बैल

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानची रांग दिसते. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळकाही दिसतो. खाली कळंबोलीच्या दिशेने ट्रकांची रांग आणि तिथूनच पुण्याकडे निघणारा एक्सप्रेस वे. सकाळी सहाला निघालं तर तासाभरात खंडाळा.

१७७८ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईच्या इंग्रजांची एक फौज होड्यांतून पनवेलला उतरली. पुण्याचा कारभार राघोबादादांच्या हाती द्यायचा, असा बेत होता. ग्रँट डफने या फौजेचा आकडा सुमारे ३,९०० दिला आहे. त्यातले ५९१ युरोपियन, बाकी बहुतेक हिंदी शिपाई आणि तोफांवरचे लस्कर. आणि तोफा, गाडे, दारूगोळा, धान्य, तंबू असं सगळं न्यायला बैल किती? १९,०००. माणशी जवळपास पाच.

पनवेलहून निघालेली ही वरात बोरघाट चढून माथ्यावर पोचायला २३ डिसेंबर उजाडला. तिथून कार्ल्यापर्यंतचं अंतर साधारण आठ मैल. त्याला त्यांना अकरा दिवस लागले. हिशेब केला तर दिवसाला सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. आपण स्टेशनवरून घरी चालत येतो ते याहून जास्त असतं.

पुणेकरांनी, म्हणजे नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांनी, समोरासमोर मोठी लढाई द्यायची घाई केलीच नाही. हलकं घोडदळ बाजूबाजूने फिरत राहिलं. मागची वाट तोडायची, चारा आणि धान्य मिळू द्यायचं नाही, रोज थोडी माणसं टिपायची. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मेला. मराठ्यांनी त्याच्या धाडसाला दाद देऊन त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं, आणि वडगाव मावळात त्याची समाधी आजही आहे. ९ तारखेला फौज तळेगावात पोचली तेव्हा गाव रिकामं आणि जाळलेलं होतं. ११ च्या रात्री त्यांनी अवजड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवून दिलं आणि माघार घेतली. वडगावला मराठ्यांनी गाठलं, आणि जानेवारीच्या मध्यावर इंग्रजांना तह करावा लागला.

पराभवाची कारणं बरीच होती. सेनापती कर्नल एजर्टन आजारी, निर्णय घ्यायला समिती, पुण्यातून मदत मिळेल ही खोटी आशा. पण मला त्या तळ्याचंच चित्र दिसत राहिलं. जे सामान सोडून देता येत नाही म्हणून दीड महिना रांगत आणलं, ते शेवटी एका रात्रीत सोडून द्यावं लागलं.

इंग्रज शिकले मात्र. २४ वर्षांनी, एप्रिल १८०३ मध्ये, आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन पुण्यावर आला तेव्हा शेवटचे साठ मैल त्याने ३२ तासांत कापले.

फरासखाना

पुण्यातला फरासखाना म्हटलं की आपल्याला पोलीस चौकी आठवते. पण फरासखाना म्हणजे मूळात तंबू, कनाती, जाजमं ठेवायचं खातं. ही सामग्री सांभाळणारे आणि उभारणारे ते फरास. राज्य मोठं असेल तर त्याला तंबूंचं वेगळं खातंच लागायचं.

किती मोठं, याचा हिशेब अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दिला आहे. बादशहाचा एक मुक्काम हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. शिवाय १,००० फरास, वाट साफ करणारे ५००, पाणी भरणारे १००, झाडूवाले १५०, सुतार, तंबू शिवणारे, मशालजी वेगळे. आणि असे संच दोन असत. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होई. आपल्या भाषेत सांगायचं तर फुल बॅकअप.

हीच छावणी पुढे औरंगजेबाबरोबर दख्खनेत आली आणि पंचवीस वर्षं इथेच राहिली. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णेकाठच्या गलगल्याला ती बघायला गेला. छावणीचा घेर तीस मैल आणि माणसं पाच लाख, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हे शहरच होतं, फक्त कापडाचं.

याच्या उलट टोकाला शिवाजी महाराजांचं सैन्य. सभासद बखरीत नियम स्पष्ट आहेत. दसऱ्याला बाहेर पडायचं, आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणीला परत. लष्करात बायका, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. बरोबर किती न्यायचं, यापेक्षा काय न्यायचं नाही याची यादी आधी. अल्ट्रालाइट ट्रेकिंगवाले आज हेच सांगतात.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते एक पत्र. १६७० च्या दशकात महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या अंमलदारांना ते लिहिलं होतं. दाणावैरण जपून वापरा, पावसाळाभर पुरली पाहिजे. ती संपली की तुम्ही कुणब्यांकडून धान्य, भाजी, लाकूडफाटा ओरबाडायला लागाल, मग लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. राजा उंदराच्या वातीपर्यंत विचार करतोय, कारण त्याला पक्कं कळलेलं आहे की छावणीचं ओझं छावणीत राहत नाही. ते शेजारच्या गावावर पडतं.

आणि संताजी घोरपड्यांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १६८९ मध्ये तुळापूरच्या बाजूला असलेल्या औरंगजेबाच्या छावणीत ते रात्री शिरले, शाही डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन गेले, असं मराठी परंपरा सांगते. बादशहा त्या रात्री त्या डेऱ्यात नव्हता म्हणून वाचला. शाळेत ही गोष्ट शौर्याची म्हणून ऐकली होती. आता तणावे या शब्दाशी अडखळले. एवढं मोठं वैभव, आणि ते उभं होतं चार दोऱ्यांवर.

आपणही जड झालो

इथे थांबलं तर गोष्ट सोपी होते: ते जड, आपण हलके, म्हणून आपण जिंकलो. पण पुढचं पान उलटावं लागतं.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले तेव्हा फौजेबरोबर अवजड तोफखाना होता, बायकामुलं होती, तीर्थयात्रेला निघालेले हजारो लोक होते. मराठी सरदारांचे डेरे रेशमी अस्तरांचे आणि वर सोनेरी कळसांचे झाले होते. सूरजमल जाटाने सुचवलं होतं की कबिला आणि जड सामान मागे एखाद्या किल्ल्यात ठेवा आणि जुन्या पद्धतीने हलकं लढा. भाऊंनी ते ऐकलं नाही. पानिपतची कारणं एवढ्यावर संपत नाहीत, भाऊंच्या तोफखान्याने मोठं कामही केलं. पण पानिपतात अडीच महिने कोंडून पडलेल्या त्या तळाची उपासमार वाचताना तो कबिला विसरता येत नाही. ज्यांच्या आजोबांनी कळस कापून आणले होते, त्यांनी स्वतःच्या डेऱ्यांवर कळस चढवले होते.

वजन लिहिलंय, वाहणारा नाही

एवढं वाचून झाल्यावर बाबांचा प्रश्न परत आला. हे सगळं उचललं कुणी?

कंपनीच्या लष्करात तंबू लावणाऱ्याला खलाशी म्हणत. जहाजावरचा तो खलाशी आणि जमिनीवर तंबूच्या दोऱ्या ओढणारा तोही खलाशी. पनवेलच्या मोहिमेत बैलांची संख्या लिहिली आहे. बैल हाकणाऱ्यांची लिहिलेली नाही. अबुल फजलने निदान माणसं मोजली, पण तीही हत्ती आणि गाड्यांच्या ओळीत.

पुढे लढाया संपल्या, तंबू राहिले. इंग्रज अंमलदार हिवाळ्यात जिल्ह्याच्या फिरतीवर निघे, आणि त्याची कचेरी, जेवणाचा डेरा, झोपायचा डेरा असं सगळं गावोगाव हलवावं लागे. हे ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम अनेक ठिकाणी वेठीने होई. वतनाच्या नावाखाली महारांवर सरकारी माणसांचं सामान वाहण्याची सक्ती होती. वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि थोडं बलुतं, आणि त्या बदल्यात दिवस असो की रात्र, हाक आली की उठायचं. नकार द्यायची सोय नव्हती. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. ही वतनं प्रत्यक्ष रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

बाबांच्या धंद्याचा कायदा त्यानंतरचा, १९६९ चा माथाडी कायदा. माथ्यावर ओझं घेणारा तो माथाडी. कायद्याने मंडळं आली, मंडळात नोंद आली, नोंदीबरोबर भविष्य निर्वाह निधी आला. बाबांचं लॅमिनेट केलेलं कार्ड अजून कपाटात आहे. मी लहानपणी त्यावरचा त्यांचा जुना फोटो बघून हसायचे. या वेळी ते काढून नीट बघितलं. नाव, नंबर, टोळी. बाबा म्हणाले, "ह्याच्या आदी शेठच्या वहीत निस्ती 'हमाली' लिवत. किती रुपये ते. कुनाला, ते न्हाई."

दहा किलोपासून इरल्यापर्यंत

आज आपण ज्याला ट्रेकिंगचा तंबू म्हणतो, त्याची एक वाट आल्प्समधून येते. एडवर्ड व्हिम्परने १८६० च्या दशकात मॅटरहॉर्नसाठी स्वतः एक तंबू बनवला: दोन्ही टोकांना कातरीसारखे दोन-दोन खांब, मध्ये दोरी, चार माणसं झोपतील एवढी जागा. वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो. हत्तींच्या तुलनेत हे पीसच. पण साडेदहा किलो घेऊन कडा चढणारा व्हिम्पर नव्हता. तो लुक मेने होता, ब्रॉय गावचा, पाठीला कुबड असलेला. व्हिम्परने त्याच्याबद्दल आपुलकीने आणि नावानिशी लिहिलं. म्हणून दीडशे वर्षांनी रोडपालीत बसून मला तंबू वाहणाऱ्या एका माणसाचं नाव कळलं. मी वाचलेल्या एवढ्या पानांत असं हे एकच नाव होतं.

त्याच्या पुढच्या पिढीतल्या ममरीने रेशमी कापडाचा, दोन किलोंच्या आतला तंबू वापरला. खांब वेगळे न्यायचेच नाहीत, बर्फाची कुऱ्हाडच खांब. मग १९३५ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात त्याचे पॅराशूट झाले आणि युद्धानंतर ते कापड तंबूंत आलं. १९७५ मध्ये नॉर्थ फेसने बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांवरून घेतलेला गोलसर तंबू आणला. वाकवलेले खांब एकमेकांवरून जातात, ताण सगळीकडे वाटला जातो, मधला खांब लागत नाही. आज दुकानात दिसणारे बहुतेक घुमटी तंबू त्याचेच नातलग.

पण सगळ्यात हलकी गोष्ट प्रयोगशाळेतली नाही. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी अमेरिकेतली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ॲपलाचियन वाट एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. पाठीवर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा.

हे वाचून मला आपल्याच भागातलं इरलं आठवलं. भातलावणीत बायका डोक्यापासून पाठीवर घेतात ते, पानांचं आणि कामट्यांचं. हात मोकळे, पाठ कोरडी, आणि फाटलं तर रानातच नवीन मिळतं. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर घोंगडीची खोळ करून तेच साधतात: पावसात छत, थंडीत पांघरूण, रात्री अंथरूण. तीन कामं, एक वस्तू. आपल्या भाषेत तंबूला शब्द किती आहेत बघा: डेरा, शामियाना, राहुटी, पाल. वजन जसं कमी होतं, तसा राहणारा माणूसही गरीब होत जातो. डेऱ्यात राजा, राहुटीत शिपाई, पालात भटका. पालातल्या माणसाला हलकेपणा परवडतो म्हणून तो हलका नसतो. दुसरं कुणी उचलायला नसतं म्हणून असतो.

मागच्या वेळचं उत्तर

आता ते उत्तर. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं, मी, धाकटा भाऊ, कॉलेजातली एक मैत्रीण आणि एक मित्र, प्रबळमाचीला गेलो होतो. एका ओळखीच्यांकडून चौघांचा तंबू मागून आणला होता. सहा किलोंच्या आसपास. पिशवीवर 'चार व्यक्ती' लिहिलं होतं म्हणून आम्ही चौघांनी एक घेतला, एवढाच विचार. तो एकाच पिशवीत, म्हणजे एकाच खांद्यावर. ठाकूरवाडीतून चढायला लागलो. अर्ध्या तासात भावाने तो मित्राला दिला, मित्राने परत भावाला. मग भांडण झालं.

तेवढ्यात वरच्या वाडीतला एक माणूस मागून आला. आमच्याच वयाचा, डोक्यावर किराण्याचं पोतं. तो थांबला, हसला, म्हणाला, "द्या इकडं, वर नेऊन ठेवतो." तीनशे रुपये ठरले. त्याने पोत्यावर तंबू टाकला आणि आमच्या पुढे दिसेनासा झाला.

घरी आल्यावर फोटो दाखवले. तंबूसमोर आम्ही चौघं, मागे कलावंतीणचा सुळका. बाबांनी विचारलं, "ह्यो वर कुनी नेला?" मी म्हटलं, एक माणूस होता. "नाव काय त्येचं?" माहीत नव्हतं. खर्च वाटून घ्यायच्या ॲपमध्ये नोंद आहे: 'तंबू वर नेणे, ३००, प्रत्येकी ७५.' शेठच्या वहीत 'हमाली' लिहीत, तशीच. ती नोंद माझ्याच हातची आहे.

तक्ता, पुन्हा

म्हणून या वेळी तक्त्यात पहिला रकाना घातला: माणशी वजन, आणि ते कुणाच्या पाठीवर. तो घातल्यावर बाकी निर्णय बदलत गेले. तुम्हीही तीन-चार जणांसाठी तंबू बघत असाल तर आमचा हिशेब कामी येईल.

चौघांचा एक तंबू की दोघांचे दोन? आमच्या किंमतीत चौघांचा घुमटी तंबू पाच ते सहा किलोंचा मिळत होता. दोघांचे, ॲल्युमिनियम खांबांचे, प्रत्येकी दोन किलोंच्या थोडे वर. म्हणजे माणशी साधारण दीड किलोऐवजी एक. त्याहून मोठा फायदा असा की दोन तंबू चार पाठींवर सरळ वाटले जातात: एकाकडे बाहेरचं कापड आणि मेखा, दुसऱ्याकडे आतला तंबू आणि खांब. शिवाय मोठ्या तंबूला सपाट जागाही मोठी लागते, आणि सह्याद्रीत ती सहज सापडत नाही. एकाचा खांब मोडला तर दुसरा तंबू उभा असतो, हेही खरं.

नुसती ताडपत्री? सर्वांत हलकी, माणशी पाचशे ग्रॅमच्या आत. चालायच्या काठ्याच तिचे खांब, ममरीच्या कुऱ्हाडीसारख्या. पण विंचू-किड्यांची आमच्यातल्या दोघांना भीती वाटते, आणि भीतीचंही वजन धरावं लागतं. बहुतेक जड सामान भीतीपोटीच आलेलं असतं. त्यातली कुठली खरी आणि कुठली सवयीची, एवढं विचारायचं.

कातळावर मेखा जात नाहीत. म्हणून आपल्याकडे मेखांशिवाय स्वतः उभा राहणारा तंबू बरा, तणावे मग दगडांना बांधता येतात. एकपदरी तंबू हलका असतो, पण रात्री श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर टपकते. जाळीचा आतला पदर असलेला दुपदरी तंबू दोनतीनशे ग्रॅम जास्त, पण झोप कोरडी. कापडावर १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, ती पावसाची मोजणी नव्हे. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी गळत नाही, असा त्याचा अर्थ. हिवाळ्यासाठी १,५०० भरपूर होतात.

आणि जाहिरातीतलं वजन तपासा. मोठ्या अक्षरात असतं ते 'ट्रेल वेट', म्हणजे फक्त कापड आणि खांब. मेखा, दोऱ्या, पिशव्या त्यात नसतात. खाली बारीक अक्षरात 'पॅक्ड वेट' असतं, खरं ते. इतिहासाच्या पुस्तकांतही मला असंच दिसलं होतं.

दोन्ही तंबू आले तेव्हा बाबांनी ते हातात तोलले आणि म्हणाले, "सव्वादोन." बॅग मोजायच्या काट्यावर लावले. २.२६ आणि २.२४.

डिसेंबरात परत प्रबळमाचीला गेलो. सगळं आमच्या पाठीवर होतं, आणि चढताना कुणी भांडलं नाही. वर पोचल्यावर चौकशी केली तेव्हा तो माणूस भेटला. आता तो स्वतःच माचीवर भाड्याने तंबू लावतो. आमचे तंबू बघून म्हणाला, "तुमी आपलंच घेऊन आलात. असं समद्यांनी केलं तर आमी काय करायचं?"

मी गडबडले. एवढं सगळं वाचून मी ठरवून टाकलं होतं की दुसऱ्याच्या पाठीवर ओझं द्यायचं नाही, म्हणजे आपण सुटलो. त्याला तसं सुटायला नको होतं. त्याला काम हवं होतं. वेठ आणि मजुरी यांत ओझं तेवढंच असतं. फरक असतो तो नाही म्हणता येण्यात, दाम ठरवता येण्यात आणि कुणी नावाने ओळखण्यात. बाबांच्या कार्डाने नेमकं तेच केलं होतं.

त्या दोन रात्री आम्ही त्याच्या घरी जेवलो. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला प्रबळगडाच्या माथ्यावर घेऊन गेला. दाम त्याने सांगितला, आम्ही घासाघीस केली नाही. निघताना मी नाव विचारलं, पूर्ण, आडनावासकट. ते इथे लिहीत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही.

ॲपमध्ये मात्र नोंद त्याच्या नावाने आहे. घरी आल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा मला ते सांगता आलं.